गिरगावातली बिनमाइकची पहाट

नमस्कार श्रोतेहो. आज मुंबईतल्या गाण्याच्या छोट्या जागांबद्दल बोलायचं आहे. छोट्या जागा म्हणजे जिथं शे-सव्वाशे माणसं सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसायची आणि गाणाऱ्याला समोरच्याचा चेहरा दिसायचा. चेहरा दिसायचा, हे लक्षात ठेवा, मी पुन्हा तिथं येणार आहे.

ऑपेरा हाउसच्या आसपास अशा जागांचा पट्टाच होता. लक्ष्मीबागेत लग्नं लागायची आणि मैफलीही रंगायच्या. जवळच प्रोफेसर बी. आर. देवधरांची संगीतशाळा, १९२५ साली सुरू झालेली. कुमार गंधर्व लहान वयात शिकायला आले ते देवधर मास्तरांकडेच. तिकडे चर्चगेटला वेगळी दुनिया. गेलॉर्ड रेस्टॉरंटमध्ये जाझ वाजायचं, अॅस्टोरिया हॉटेलातल्या व्हेनिस नाइटक्लबात ख्रिस पेरींचा बँड आणि गायिका लोर्नांचा आवाज. दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन नाहीतर ट्रम्पेट वाजवणारे गोव्याचे वादक रात्री इथं आपल्या मनाचं वाजवायचे.

पण माझा जीव अडकलाय तो चाळींच्या चौकात. गिरगावात गणपतीत रात्रभर गाणं चालायचं. मंडप छोटा, गाद्या वरच्या मजल्यांवरून आणलेल्या, गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. मला विचाराल तर शास्त्रीय गाण्याला खुर्ची नकोच. खुर्चीत माणूस पाहुणा होतो, सतरंजीवर घरचा होतो. आणि हल्ली गाण्याआधी जे सत्कार चालतात, शाल, नारळ, प्रायोजकांची भाषणं, तोवर लावलेले तंबोरे उतरतात हो! असो.

एक रात्र सांगते. सत्तरच्या दशकातली. मी शाळेत होते. आमच्या चाळीत एक मोठ्या गायिका आल्या होत्या, आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो. रात्री दहाला बसल्या. आधी बागेश्री, मग मालकंस, दोन्ही रात्रीचे राग. चार वाजून गेल्यावर त्यांनी माइक बंद करायला लावला. म्हणाल्या, आता याची गरज नाही. मालकंसासाठी मध्यमाला, म्हणजे 'म'ला, लावलेली तंबोऱ्याची पहिली तार तशीच ठेवली आणि पहाटेचा राग ललत सुरू केला. ललतात पंचम, म्हणजे 'प', नाही, दोन मध्यम लागतात, एकाला लागून दुसरा. ते दोन मध्यम त्या इतक्या हळू ठेवत होत्या की गॅलरीतली माणसं कठड्यावरून खाली वाकली होती.

आणि साडेचारला नळ आले.

चाळीत राहिलेल्यांना पुढचं सांगायला नको. आधी नळातून हवा सुटल्याचा आवाज, मग पत्र्याच्या पिंपात धाडकन धार. चौकात तीन नळ. बाई थांबल्या. तबला थांबला. मंडळाचे सेक्रेटरी कानकोंडे झाले. गाण्यासाठी पाणी भरायचं नाही म्हटलं तर घरोघरी दिवसभर कोरडं, कारण नळ तासाभरात जायचे. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. उठावं तर गाणं मोडतं, बसावं तर पाणी जातं.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या माई उठल्या. घरात जाऊन जुनं नऊवारी घेऊन आल्या आणि त्याच्या तीन लांब पट्ट्या फाडल्या. पट्टीचं एक टोक नळाच्या तोंडाला घट्ट बांधलं, दुसरं हंड्याच्या तळाशी सोडलं. हंड्याखाली गोणपाट. पाणी कापडावरून घसरत खाली जायला लागलं. आवाज नाही. तिन्ही नळांना तसंच केलं आणि माई वळून म्हणाल्या, "म्हणा बाई तुम्ही. आमचं पाणी तुमच्या आड यायचं नाही."

बाईंनी पुन्हा सा लावला. चाळीतल्या बायका बांगड्या कोपराकडे सारून, अनवाणी, ओळीनं पाणी भरत होत्या. मी रिकाम्या कळश्या पुढे सरकवत होते. फक्त हंडा बदलताना क्षणभर धार फरशीवर पडायची. बाईंनी ते दोन-तीन हंड्यांतच हेरलं. डोळे नळाकडे. हंडा भरत आला की त्या स्वर सोडायच्या, श्वास घ्यायच्या, नवा हंडा लागला की दुसरा मध्यम ठेवायच्या. त्या बायकांना गाणं ऐकू येत होतं आणि गाणाऱ्या बाईंना त्या बायका दिसत होत्या. सगळ्या चाळीचं पाणी भरून झालं, तोवर ललत चाललेला.

सकाळी बाई माईंच्या खोलीत चहाला थांबल्या. विचारलं, "तुम्ही गाणं शिकलात का?" माई म्हणाल्या, "नाही हो. आमचे हे गिरणीत दुसऱ्या पाळीला असतात. रात्री एकला येतात. त्यांची झोप मोडू नये म्हणून मी रोजच बांधते फडकं."

या गोष्टीत माझा वेळ गेला, जाऊ दे. त्या जागा का गेल्या हे तुम्हालाही ठाऊक आहे. चाळी पाडून टॉवर झाले, चौकाच्या जागी पार्किंग आलं. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले पंधरा दिवस राज्य सरकारला बारापर्यंत सूट देता येते, तेवढंच. आजारी माणसाला, अभ्यास करणाऱ्या मुलाला झोप हवीच, नियमाशी माझं भांडण नाही. पण परिणाम काय झाला? संध्याकाळी सहा ते दहात गाणं आटपायचं आणि प्रत्येक रागाची वेळ तर ठरलेली, म्हणजे यमन, पूरिया, फार तर बागेश्री. रात्री उशिराचे दरबारी, अडाणा, पहाटेचा ललत यांच्या वेळाच मैफलीतून गेल्या. दिवाळी पहाटेचे कार्यक्रम होतात, पण तिथं थोड्या वेळात निवेदन, भावगीत, नाट्यगीत सगळं बसवायचं असतं. माझ्या मते निवेदकानं रागाचं नाव सांगावं आणि खाली बसावं.

पुन्हा सांगते, नियम उघड्यावरच्या लाउडस्पीकरचा आणि वाद्यांचा आहे. बंद खोलीतल्या बिनमाइकच्या तंबोऱ्याचा नाही. तुमच्याकडे बरीशी मोठी खोली असेल, तीस माणसं बसत असतील, तर शेजाऱ्यांना आधी विचारा, खिडक्या लावून घ्या आणि पहाटे चारची बैठक ठरवा. तरुण गवयांना विचारून बघा, पहाटेचे राग लोकांसमोर गायला मिळावेत म्हणून कितीतरी जण वाट बघताहेत. मानधन मात्र आधी ठरवा आणि पाकीट गाणं संपताच हातात द्या. नमस्कार.