पळस शोधला तर सापडला पाहिजे

नमस्कार श्रोतेहो. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमच्या एका जुन्या संगणकात अडकून पडलेल्या माहितीबद्दल आज तुमच्याशी बोलायचं आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी आमच्याकडे आदिवासी आरोग्याच्या माहितीचा साठा उभा राहिला. गावोगावचे पुजारी, म्हणजे आमच्याकडचे झाडपाल्याचे वैदू, सुईणी, म्हाताऱ्या बाया यांनी सांगितलेलं, शिवाय सिकलसेल, हिवताप, कुपोषण यांवरचे अहवाल, प्रबंधांचे सारांश, माहितीपत्रकं. उन्हातान्हात हिंडून गोळा केलेलं ते काम होतं. गेल्या वर्षी ती फाईल मी नव्या संगणकावर उघडली आणि पोटात गोळाच आला. ‘पळस’ लिहिला होता तिथे आय, जी, एल अशी तीन इंग्रजी अक्षरं! ‘मोह’ होता तिथे ई, के, एस, जी. पानंच्या पानं अशी.

झालं होतं ते असं. त्या काळच्या फॉन्टमध्ये संगणक साठवायचा इंग्रजी अक्षरंच, फक्त पडद्यावर त्यांच्या जागी मराठी आकार दाखवायचा. फॉन्ट गेला की मराठीही गेली. आता युनिकोड नावाची जगभर चालणारी पद्धत आहे, तिच्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. आपल्या ‘ळ’चा क्रमांक 0933. तो कुठल्याही यंत्रावर ‘ळ’च राहतो. रूपांतर करून देणारं सॉफ्टवेअर मिळतं, पण जोडाक्षरं आणि रफार त्यात हमखास बिघडतात. म्हणून मी आणि कॉलेजातल्या दोन मुली एकेक नोंद मूळ कागदाशी ताडून बघतो आहोत.

आता त्या ‘ळ’चंच पुढे ऐका. आमच्या झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो, डोळ्यांना आम्ही डोरे म्हणतो. एक बाई आली, लेकराचे ‘डोरे’ आले होते, काही वाचायला आहे का विचारत होती. तिच्या मुलाने तोच शब्द टाकून शोधलं. उत्तर आलं, शून्य नोंदी. माहिती होती, पण ‘नेत्रदाह’ या नावाखाली! अंगावरून पांढरं जाण्याबद्दलची माहिती ‘श्वेतप्रदर’ म्हणून लावलेली. लाजत लाजत विचारायला आलेली मुलगी हा शब्द कुठून आणणार? मला विचाराल तर या साठ्याचा सगळ्यात मोठा दोष हाच होता, फॉन्टपेक्षाही मोठा. नोंद करणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत केली, शोधणारीच्या शब्दांत नाही. म्हणून आता प्रत्येक नोंदीला आम्ही बोलीतली नावं जोडतो आहोत. गोंडी शब्द सध्या देवनागरीत लिहितो. गोंडीची मसराम लिपी 2017 साली युनिकोडमध्ये आली, गुंजाळा लिपी 2018 साली. त्यामुळे ते शब्द पुढे गोंडी लिपीतही लिहिता येतील.

नावांच्या गोंधळात जीवही जाऊ शकतो. कळलावीचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलते ती वेल. बाळंतपणाच्या कळा आणते म्हणून कळलावी. आमच्या साठ्यात तिच्या तीन वेगळ्या नोंदी निघाल्या, कळलावी, खड्यानाग आणि अग्निशिखा या नावांनी. तिच्या कंदात कोल्चिसिन नावाचं जहाल विष असतं, पोटात गेलं तर माणूस दगावतो. आणि ‘विषारी’ हा शब्द तिन्हींपैकी एकाच नोंदीत! बाकी दोन वाचणाऱ्याला काय कळणार होतं? आता तिन्हींची एकच नोंद केली, शास्त्रीय नाव आणि फोटो लावला, आणि इशारा सगळ्यात वर ठेवला. 2021 साली गुळवेलीवरूनही वाद झाला होता. ती घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी मांडलं, तर दुसऱ्याच जातीची वेल गुळवेल समजून घेतली गेली असू शकते, असं आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं. वाद काही असो, फोटोशिवाय वनस्पतीची नोंद ठेवायची नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. जुन्या प्रथाही तपासून घ्याव्या लागतात. मेळघाटात लेकराचं पोट फुगलं की डागण्या देतात, त्याला डंबा म्हणतात. त्याची नोंद आमच्याकडे आहे, पण ‘घातक, करू नये, दवाखान्यात न्या’ अशा ठळक शब्दांत.

राहिला प्रश्न मालकीचा. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत 1995 साली पेटंट दिलं गेलं होतं. आपल्या सीएसआयआर या सरकारी विज्ञान संशोधन संस्थेने जुने ग्रंथ पुढे ठेवून ते 1997 साली रद्द करवलं. त्यानंतर 2001 मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय सुरू झालं. पण त्याचा आधार आहे ग्रंथांचा. आमच्या पुजाऱ्यांचं ज्ञान कुठल्या ग्रंथात आहे? ते त्यांच्या तोंडी आहे. ते सरसकट इंटरनेटवर टाकलं तर कुणीही उचलून नेईल.

एका पुजारीबाबांना मी हे नवं काम दाखवायला गेले. त्यांनी मोहाची फुलं वाळत घातली होती. हात न थांबवता ते म्हणाले, “बाई, तू मशिनीत टाकशील, मंग कोन कोन पायल?” मला उत्तर देता आलं नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर गावसमाजाचा हक्क मानला आहे. तेव्हा परवानगीही गावाचीच हवी. आमच्याच तालुक्यातलं मेंढा-लेखा सगळे निर्णय सर्वसहमतीने घेतं. 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं हे गाव. त्याच वाटेने आम्ही जुन्या नोंदी ग्रामसभांपुढे वाचून दाखवतो आहोत. कुठली सगळ्यांना खुली, कुठली गावापुरती, कुठली काढून टाकायची, ते सभा सांगते. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू लोकांच्या गरजेतून अशाच कामासाठी ‘मुकुर्तु’ नावाची मोफत प्रणाली तयार झाली. कोणती नोंद कुणाला दिसावी, हे तिच्यात समाजच ठरवतो. आम्ही ती सध्या चालवून बघतो आहोत. बाबांची नोंद गावापुरतीच राहील. रुग्णांची नावं ज्या अहवालांत होती, ती मी पहिल्याच आठवड्यात काढली, त्यासाठी कुणाला विचारत बसले नाही.

जाता जाता एक विनंती. आमच्याकडे अकरा कॅसेट आहेत, त्यांवर ना नाव, ना गाव. एकीवर म्हातारी बाई हिरडा कसा उगाळायचा ते सांगते आहे. मागे कोंबडा आरवतो, मग कुणीतरी तिला ‘आत्या’ म्हणून हाक मारतं आणि ती बोलायची थांबते. गुरुवारी दुपारी दोन ते पाच वाचनालयात या, मी ती लावून ठेवते. आवाज ओळखीचा वाटला तर सांगा. तिच्या घरच्यांना विचारल्याशिवाय मला ती नोंद पुढे नेता येणार नाही.