‘अमेरिकन फिक्शन’: टाळ्या नेमक्या कोणाच्या?

[पडद्यावर: परीक्षकांची बैठक]

एका साहित्य पुरस्काराचे पाच परीक्षक. तीन गोरे, दोन कृष्णवर्णीय. एका कादंबरीला पुरस्कार द्यायचा की नाही, यावर वाद चाललाय. गोऱ्यांनी तिला डोक्यावर घेतलंय, कृष्णवर्णीय दोघांना ती भंपक वाटते. मतं पडतात, तीन विरुद्ध दोन. आणि तिघांतली एक बाई अगदी मनापासून म्हणते, कृष्णवर्णीयांचा आवाज ऐकणं आज किती गरजेचं आहे!

समोर बसलेल्या दोघांचे चेहरे बघा.

कॉर्ड जेफरसन यांचा हा पहिलाच चित्रपट. आधार पर्सिव्हल एव्हरेट यांच्या २००१ सालच्या कादंबरीचा. नायक मंक डॉक्टरांच्या घराण्यातला, स्वतः प्राध्यापक आणि लेखक. त्याचं लेखन प्रकाशकांना पुरेसं ‘ब्लॅक’ वाटत नाही. चिडून तो टोपणनावानं बंदुका, ड्रग्ज आणि पळून गेलेला बाप असं सगळं कोंबून एक टुकार विडंबन लिहितो. प्रकाशक त्यासाठी साडेसात लाख डॉलर मोजायला तयार होतात. सुरुवातीच्या बैठकीत परीक्षक भांडतात ते याच पुस्तकावरून, आणि त्या दोन कृष्णवर्णीय परीक्षकांतला एक खुद्द मंक!

सप्टेंबर २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात चित्रपटाला प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. २०२४ च्या ऑस्करला पाच नामांकनं, त्यातलं रूपांतरित पटकथेचं पदरात पडलं. मंक साकारणाऱ्या जेफ्री राइट यांच्या अभिनयाबद्दल तर समीक्षकांत फारसं दुमत नव्हतं.

खटका उडाला तो विनोदाच्या धारेवरून. काहींचं म्हणणं, चित्रपटातले गोरे प्रकाशक इतके बावळट आहेत की थिएटरातला गोरा प्रेक्षक त्यांना खुशाल हसतो. हे आपल्याबद्दल आहे, असं त्याला वाटतच नाही. शिवाय मूळ कादंबरीत मंकचं विडंबन अख्खं छापलंय, वाचकाला ते गिळावं लागतं. पडद्यावर त्याची जेमतेम एक झलक. हा आक्षेप मला पटतो.

दुसरा आक्षेप मात्र पटत नाही. आईचं विसरत जाणं, बहिणीचा मृत्यू, भावाशी तुटलेलं नातं, या कौटुंबिक कथेमुळे उपहास पातळ होतो, असं काही जण म्हणाले. पण मंकला लिहू दिली जात नाही ती गोष्ट हीच तर आहे! साध्या मध्यमवर्गीय घरातली दुखणी.

[पडद्यावर: मंक आणि सिंतारा]

सगळ्यात जास्त चर्चा व्हायला हवी होती ती या प्रसंगाची. सिंतारा गोल्डन, म्हणजे अभिनेत्री इसा रे; बैठकीतली दुसरी कृष्णवर्णीय परीक्षक. मंक जिला मनातून कमी लेखतो, ती खपाऊ लेखिका. ती त्याला ऐकवते की मी अभ्यास करून लिहिलंय, आणि बाजाराला हवं ते दिलं तर बिघडलं काय? मंकची बोलती बंद होत नाही, पण त्याच्याकडे नीट उत्तरही नाही. दिग्दर्शक हा वाद अर्ध्यात सोडतो. इथे तो कचरला, असं म्हणणारे समीक्षक होते. मला वाटतं, चित्रपटातला सर्वात प्रामाणिक क्षण हाच.

एव्हरेट यांचं पुढे काय झालं? ‘जेम्स’ या कादंबरीला २०२४ चा नॅशनल बुक अवॉर्ड आणि २०२५ चं पुलित्झर. नायक मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’ कादंबरीतला गुलाम, जिम. तो आणि त्याचे सोबती एकमेकांत अस्खलित इंग्रजी बोलतात. गोरा माणूस जवळ आला की मुद्दाम मोडकंतोडकं, त्याला ऐकायचं असतं तसं.