कालव्यामागून आलेली माणसं

नमस्कार मंडळी.

आमच्या घरात एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. "आपण सासवडचे." आता सासवडला आमचं घर नाही, गुंठाभर जमीन नाही, देवळाची वर्गणी मागायलासुद्धा तिथून कुणी येत नाही. तरी सोयरिकीचं बोलणं निघालं की म्हातारी माणसं आधी हेच सांगणार. म्हटलं, हे कुठं कागदावर सापडतंय का बघू.

नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि बारामतीच्या कोरडवाहू रानात पाणी खेळायला लागलं. पण नुसत्या पाण्यानं ऊस होत नाही. शेणखत लागतं, पेंड लागते, हातात रोकड लागते आणि बांधणी कधी करायची याची जाण लागते. कऱ्हाकाठी मोटेच्या पाण्यावर मळे पिकवणाऱ्या सासवडच्या माळ्यांना ती होती. ते उठले आणि कालव्यामागून निघाले. खंडानं, म्हणजे ठरलेला मोबदला देऊन दुसऱ्याच्या, जमिनी कसायला घ्यायच्या, पुंड्या ऊस लावायचा, गुऱ्हाळ घालायचं. पुढं गोदावरी-प्रवरेचे कालवे झाले, तिकडं गेले. नीरेचा उजवा कालवा आला, तिकडं. माळशिरस तालुक्यात १९३२ साली तर त्यांनी स्वतःचा साखर कारखानाच उभा केला. तेच आजचं माळीनगर.

या सगळ्यात 'खंडानं' हा शब्द मला चांगलाच नडला.

आपल्याकडं घराण्याचा शोध म्हणजे सातबारा. मीही तिथूनच उलटा निघालो. आजचा गट नंबर, त्यामागं एकत्रीकरण योजनेच्या आधीचा सर्व्हे नंबर, आणि प्रत्येक बदलाला एक फेरफार. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळं फेरफारांची दोरी साधारण तिथपर्यंतच लांबते. मी त्या दोरीच्या टोकाला पोचलो तर खातेदार भलताच! आमचे पणजोबा कुठं, तर पीकपाहणीत, कसणाऱ्याच्या रकान्यात. दोन वर्षं दिसतात, तिसऱ्या वर्षी गायब. रान थकलं की खंड सोडायचा आणि पुढचं रान धरायचं, अशी ती शेती. सरकारनं दप्तर ठेवलं ते साऱ्यासाठी. सारा भरणारा पक्का लिहिला जातो, घाम गाळणारा ओझरता.

आणि बायका? त्या फेरफारात येतात, पण कशा? वारसनोंदीत बहिणींची नावं चढतात आणि पुढच्याच फेरफाराला हक्कसोड देऊन उतरतात. माझ्या तीन आत्याआज्या मला अशाच भेटल्या. कागदावरचं त्यांचं आयुष्य सगळं मिळून दोन ओळींचं.

मग वाट बदलली. जमीन सोडली आणि मरणाच्या मागं लागलो. सासवडचा जुना गाव नमुना १४, म्हणजे तेव्हाचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर. कुणबी नोंदींच्या शोधापासून 'कोतवाल बुक' हा शब्द घरोघरी झालाय, तेच हे. जुनी पानं मोडीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, दोन शब्दांत जागा नाही, ओळ एका दमात पळते. मी मोडी वाचणाऱ्या एका गुरुजींना पकडलं. त्यांनी पहिल्यांदा 'बिन' ओळखायला शिकवलं. अमुक बिन तमुक, म्हणजे तमुकाचा मुलगा. डोळ्याला 'बिन' दिसायला लागला की निम्मं काम झालं. १९१८ च्या पानांवर, मानमोडीच्या साथीत, एकाखाली एक 'ताप', 'ताप', 'ताप'. त्यातच मागं राहिलेला पणजोबांचा भाऊ सापडला. म्हणजे सासवड खरं होतं.

तिथं थांबायला हरकत नव्हती. पण त्र्यंबकेश्वरला आमच्या उपाध्यांकडं वंशावळीची वही आहे, असं चुलते म्हणायचे. गेलो. या वह्या गाव आणि आडनावावरून लावलेल्या असतात. बरोबर पान उघडायला त्यांना दहा मिनिटंही लागली नाहीत. एवढ्या वेळात तर सरकारी कचेरीत नुसता अर्ज लिहून होत नाही. पिंडाला आई, आजी, पणजीची नावं घ्यावी लागतात, म्हणून आमच्या पानावर बायका होत्या. पणजोबांची आई मला तिथं पहिल्यांदा नावानिशी भेटली. बराच वेळ मी त्या नावावर नुसतं बोट ठेवून बसलो होतो.

आणि सगळ्यात जुन्या नोंदीत गाव सासवड नव्हतंच! होतं साताऱ्याकडचं एक खेडं, आणि आडनावही वेगळं.

थोडा चक्रावलो, मग जोतिबा फुल्यांचं घराणं आठवलं. मूळ आडनाव गोऱ्हे, गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण. तिथून पणजोबा पुरंदरच्या खानवडीला आले, पुढची पिढी पुण्यात गेली, फुलांच्या धंद्यात शिरली आणि फुले झाली. खानवडी सासवडच्या जवळच. त्या वाटेनं काय एकच कुटुंब आलं असेल?

घरी आलो. नव्वदीच्या आत्याला सांगितलं, "आत्या, आपण सासवडचे नाही गं."

तिनं पानाचा डबा बाजूला सारला. थोडा वेळ गप्प बसली. म्हणाली, "मग तिथलं पाणी आटलं आसंल."