तिसऱ्या मजल्यावरचं पाणी
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, 'जुन्या तलावाच्या आठवणी कशा नोंदवाव्यात'. तिथे मी येणार आहे. पण त्याआधी एका इमारतीत तुम्हाला नेतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे: न्यू हेवनमधलं येल विद्यापीठाचं पेन व्हिटनी जिम्नॅशियम. १९३२ साली पुरं झालं. वास्तुविशारद जॉन रसेल पोप. पेन व्हिटनी हे १८९८च्या तुकडीचे. त्यांच्या कुटुंबाच्या देणगीतून हे उभं राहिलं. बाहेरून बघाल तर गॉथिक चर्च, आणि आत पन्नास मीटर लांबीचा सरावाचा तलाव चक्क तिसऱ्या मजल्यावर. अमेरिकन मोजणीने तिसरा; आपण त्याला दुसरा म्हणू.

इथे बरेच इंजिनिअर बसलेत, म्हणून जरा हिशेब करू. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. तलाव दोन मीटर खोल धरला, तर दर चौरस मीटरला दोन टन, आणि हे नुसत्या पाण्याचं. वर्गखोलीची फरशी आपण चौरस मीटरला साधारण तीनशे किलोच्या भारासाठी आखतो. म्हणजे सहा-सात पट भार, तोही कधी न हलणारा. असा तलाव रिकामा करणं हीच मोठी जोखीम. पाणी काढलं की तुळया किंचित वर येतात, वाळलेला गिलावा आकसतो आणि टाईल्स सुटतात. पुन्हा भरताना घाई करायची नाही. पाण्याची पातळी दिवसाला साधारण पाऊण मीटरच चढू द्यायची. जमिनीतल्या तलावाची भीती उलटी असते. पावसाळ्यात रिकामा ठेवला, तर भूजलाच्या दाबाने तळ वर उचलला जातो. त्यामुळे ज्यांनी कुणी ऐन जुलैत तलाव उपसायचा ठराव केला असेल, त्यांनी तो आजच मागे घ्यावा. (हशा)

त्याच इमारतीत स्पर्धेचा तलाव वेगळा आहे, त्याला रॉबर्ट किफथ यांचं नाव दिलंय. किफथ १९१७ ते १९५९ येलचे प्रशिक्षक. विद्यापीठांमधल्या दोन संघांच्या सामन्यांत ५२८ विजय आणि फक्त १२ पराभव. मूळचे ते पोहणारे नव्हतेच, व्यायाम शिकवणारे होते. पाण्यात उतरण्याआधी जमिनीवर मेडिसिन बॉल आणि कप्पीवरची वजनं, असा त्यांचा क्रम. १९४४ साली याच तलावात त्यांच्या अ‍ॅलन फोर्डने १०० यार्ड ४९.७ सेकंदांत पार केले. पन्नासच्या आत येणारा तो पहिला. १९२७ सालचा जॉनी वाइसमुलरचा ५१.० सेकंदांचा विक्रम त्याने आदल्या वर्षीच मोडला होता. २५ यार्डांच्या तलावात १०० यार्ड म्हणजे चार फेऱ्या आणि तीन वळणं. म्हणजे भिंत पायाला कशी लागते, हा प्रश्न तीनदा येतो.

माझी तक्रार इथून सुरू होते. स्मरणिका निघतात त्यात हे ४९.७ असतं, करंडकासह फोटो असतो, आणि बाकी 'ते सोनेरी दिवस'. पंपघर कुठेच नाही. फिल्टरची वाळू कुणी बदलली, त्याचं नाव नाही. आठवणी गोळा करणारा विचारतो, 'तुम्हाला काय वाटायचं?' समोरचा म्हणतो, 'फार छान वाटायचं.' संपली मुलाखत! अहो, माणसाच्या नाका-डोळ्यांत त्या इमारतीची नोंदवही साठलेली असते. ती वाचायला शिका.

उदाहरणं देतो. जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, 'दारातच क्लोरीनचा वास यायचा.' तो क्लोरीनचा नव्हेच. घाम आणि लघवीतल्या नत्रयुक्त द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन बनतात, हा वास त्यांचा. वास जास्त, याचा अर्थ बहुतेक वेळा मोकळा, म्हणजे कशाशीही संयोग न झालेला क्लोरीन कमी किंवा ताजी हवा कमी. तेव्हा पुढचा प्रश्न महिन्याचा: 'वास कधी जास्त यायचा?' उत्तर जानेवारी आलं, तर थंड देशात त्याचा सरळ अर्थ असा, की बाहेरची गार हवा तापवायचा खर्च वाचवायला झडपा बंद ठेवत होते.

'डोळे झोंबायचे' असं कुणी म्हणालं, तर क्लोरामाइनसोबत पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचा आकडाही विचारात घ्या, तो ७.२ ते ७.६ मध्ये हवा. 'छतातून थेंब पडायचे' म्हणजे दर वेळी गळती नव्हे. पाणी २७ अंशांवर, हवा त्याहून एक-दोन अंश गरम, आणि वर थंडगार छत. बाष्पाचं तिथेच पाणी होणार. हीच दमट हवा दगडी भिंतीत शिरली आणि आत बर्फ झालं, की दगडाचे पापुद्रे निघतात. म्हणून तलावाच्या दालनात हवेचा दाब शेजारच्या खोल्यांपेक्षा थोडा कमी ठेवतात. 'कडेच्या लेनमध्ये लाटा जास्त' ही आठवण कडेच्या पन्हळीबद्दल सांगते: लाट गिळण्याऐवजी ती परत फेकत होती.

अमेरिकेतले जुने विद्यार्थी आणखी एक गोष्ट हमखास सांगतात. मुलांच्या तलावांत कपड्यांविना पोहण्याची पद्धत होती. ऐकणाऱ्याला ती दंतकथा वाटते, पण १९२६च्या अमेरिकन सार्वजनिक आरोग्य संघटनेच्या तलावविषयक शिफारशींतच ती होती. एक कारण साधं: लोकरी पोशाखाचे तंतू फिल्टरमध्ये अडकत. येलमध्ये पदवीपूर्व वर्गात मुली १९६९ साली आल्या. म्हणून अशी आठवण ऐकताना साल विचारलंच पाहिजे.

उलट, हार्वर्डला ग्रंथालयासाठी देणगी देताना वाइडनर बाईंनी, मुलगा टायटॅनिकसोबत बुडाला म्हणून, पोहण्याची परीक्षा सक्तीची करवली, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ग्रंथालयाची देणगी खरी, परीक्षेच्या अटीला मात्र पुरावा नाही. तरी असली कथा खोडून टाकू नका. वेगळ्या रकान्यात, 'ऐकीव' म्हणून लिहा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. आता पत्रिकेतला विषय भरभर.

इमारतीचा नकाशा मोठ्या कागदावर छापून समोर ठेवा आणि हातात पेन्सिल द्या. दारातून पाण्यापर्यंतची वाट आखायला सांगा: चपला कुठे, शॉवर कुठे, उडी कोणत्या टोकाला. हात चालू लागला की बोलणं आपोआप येतं. प्रत्येक खुणेला क्रमांक द्या आणि रेकॉर्डिंगमध्ये तो मोठ्याने उच्चारा, नाहीतर 'इथे' म्हणजे कुठे हे नंतर कळत नाही.

मुलाखत तलावाशेजारी घेऊ नका, टाईल्सवरून आवाज घुमतो आणि निम्मे शब्द जातात. पडदे-सतरंजी असलेली खोली घ्या. तलावाचा आवाज वेगळा टिपा: एक टाळी, एक शिट्टी, आणि पंप चालू असताना दोन मिनिटं.

साल नक्की करायला फी-पावती, ओळखपत्र, लॉकरची किल्ली, पोशाखाचा नियम यांतलं काहीतरी मागा. दोन वेगळ्या तुकड्यांनी एकमेकांना न विचारता तेच सांगितलं, तर त्यावर भरवसा ठेवा.

गळतीच्या आठवणी तपासायच्या असतील आणि तलाव अजून चालू असेल, तर बादलीची परीक्षा करा. पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, आतली आणि बाहेरची पातळी खुणेने सारखी करा, पंप बंद ठेवा, २४ तासांनी पाहा. बादलीतलं पाणी नुसत्या बाष्पीभवनाने उतरतं. तलावाचं त्याहून जास्त उतरलं, तर गळती खरी.

आणि यादी करताना पहिल्या पाच नावांत पंपचालक, सफाई कामगार आणि लॉकर सांभाळणारे घ्या. ही माणसं निवृत्त होऊन गावी जातात, त्यांचे पत्ते मेळाव्याच्या वहीत नसतात. आस्थापना विभागातून त्यांची नावं काढायला आठवडे लागतात, म्हणून तो अर्ज उद्याच द्या.