बटण त्याचं त्याला लावू द्या

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेची रिक्षा खाली येऊन उभी राहिली आहे, डबा अजून भरायचाय, आणि साडेतीन वर्षांचा मुलगा शर्टाच्या दुसऱ्याच बटणाशी झटतोय. आईचा हात पुढे होतो. आई ओट्यापाशी असेल तर आजीचा. अर्ध्या मिनिटात सगळी बटणं लागतात आणि मूल रिक्षात बसतं. आपल्या बडोद्यात मांडवीपासून अकोट्यापर्यंत घरोघरी असंच चालतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला वाटतं. का वाटतं, ते आज सांगते.

आपण मोठी माणसं काम करतो ते उरकण्यासाठी. लहान मुलाला काम उरकायचं नसतं, करायचं असतं. लावलेलं बटण तो पुन्हा काढतो, पुन्हा लावतो. आपल्याला वाटतं, वेळ घालवतोय. पण त्या वेळी त्याचा अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांशी जमवून घेत असतात. उद्या पेन्सिल धरायची ती याच बोटांनी. आणि हातापेक्षाही मोठं काही घडत असतं. ‘हे मला येतं’ असं त्याला आतून कळत असतं. आपण अर्ध्या मिनिटात बटणं लावून दिली की ते कळणं राहून जातं. रोज राहून गेलं की पाचव्या वर्षी मूल हात पसरून उभं राहतं, आणि आपणच म्हणतो, किती परावलंबी झालाय हा!

आपल्या बडोद्याला शिक्षणाचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली ते साऱ्या संस्थानाला लागू केलं. पण तो कायदा सात वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी होता. त्याआधीची वर्षं शिक्षणात धरायची कल्पनाच तेव्हा फारशी कुठे नव्हती. पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी १९०७ रोजी, रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकरी वस्तीत डॉक्टर मारिया मॉन्टेसरींनी नेमक्या त्या वयाच्या मुलांसाठी एक घर उघडलं. आईबाप कामाला गेले की मुलं जिन्यांत हुंदडायची, भिंती खराब करायची. त्यांना एका खोलीत सांभाळा, एवढीच चाळमालकांची अपेक्षा होती. बाई मात्र तिथे बसून मुलांकडे बघू लागल्या. माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण या बघण्यात आहे.

त्यांनी पाहिलेली एक मुलगी मला फार आवडते. वय तीनच्या आसपास. तिच्यापुढे दट्ट्यांची पेटी होती. लाकडाचा लांब ठोकळा, त्यात दहा खळगे आणि त्यांत बरोबर बसणारे दहा दट्टे. ती दट्टे काढत होती, मिसळत होती, परत बसवत होती. बाईंनी इतर मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणायला लावली, तिची खुर्ची उचलून टेबलावर ठेवली. तिने दट्टे मांडीवर घेतले आणि काम चालूच ठेवलं. चाळीसहून अधिक वेळा. मग आपणहून थांबली, आणि छान झोप झाल्यासारखी प्रसन्न दिसली. लहान मुलांचं लक्ष टिकत नाही असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने ही मुलगी लक्षात ठेवावी.

त्या पेटीची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. एक दट्ट्या चुकीच्या खळग्यात गेला की शेवटी एक उरतो आणि तो कुठेच बसत नाही. म्हणजे चूक वस्तूच दाखवते. ‘चुकलं’ म्हणायला ताई लागत नाही, आणि मुलाचा चेहराही पडत नाही. तो नुसता पुन्हा बघतो.

आणखी एक प्रसंग. बाईंनी एकदा मुलांना रुमालाने हळूच, आवाज न करता नाक कसं पुसायचं ते दाखवलं. धडा संपला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या! या मुलांनी नाकावरून तोवर नुसती बोलणीच खाल्लेली. त्यांना न हिणवता शिकवणारं माणूस पहिल्यांदा भेटलं होतं. स्वावलंबनाचा प्रश्न शेवटी मुलाच्या मानाचा आहे, हे मला या प्रसंगाने शिकवलं.

हे सगळं आपल्याकडे आलं ते भावनगरहून. वकिली सोडून शिक्षणात आलेल्या गिजुभाई बधेकांनी १९२० साली तिथे दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं. गुजरातने त्यांना ‘मूछाळी मा’ म्हटलं, मिशीवाली आई. त्यांना येऊन मिळाल्या आपल्या ताराबाई मोडक. गुजरातेत राहून मराठीत विचार करणाऱ्या आपल्यासारख्यांना ताराबाई जरा जास्तच जवळच्या वाटतात. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि पुढे ताराबाई बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत गेल्या. तिथे महागडी लाकडी साधनं कुठून आणणार? त्यांनी बिया, खडे, पानं, शंख-शिंपले घेतले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात नेली. स्वतः मॉन्टेसरीबाई १९३९ साली मद्रासला आल्या, पण त्यांच्या पद्धतीला आपल्या मातीत रुजवण्याचं काम तोवर सुरूही झालं होतं.

म्हणून साधनं परवडत नाहीत ही सबब मला पटत नाही. आता थंडी पडली की खंडेराव मार्केटमधून तुरीच्या ओल्या शेंगा घरी येतील, मटार येईल, पापडी येईल. मुलाला शेजारी बसवा. एक शेंग हळू, न बोलता सोलून दाखवा. दाणे एका वाटीत, सालं दुसरीत. मग त्याला त्याची छोटी वाटी द्या आणि तुम्ही तुमचं काम करा. चार दाणे जमिनीवर जातील, दोन तोंडात जातील. जाऊ द्या. कोथिंबीर निवडणं, भाखरीचा गोळा मळणं, रुमालांच्या घड्या घालणं, तुळशीला पाणी घालणं, या सगळ्याला तीन वर्षांचा हात पुरतो.

घरात थोडी मांडामांड मात्र करावी लागते. त्याचा पेला, त्याचं ताट खालच्या फळीवर हवं. कपडे अडकवायची खुंटी त्याच्या खांद्याच्या उंचीला हवी. पाण्याचा लहान तांब्या त्याला उचलेल एवढाच भरलेला हवा, आणि शेजारी फडकं. पेला काचेचा किंवा चिनी मातीचा असला तरी घाबरू नका. प्लास्टिकचा पेला कितीही आपटला तरी काही होत नाही, मग जपून धरायचं ते कशासाठी? आणि सकाळी वेळ नसतो हे खरंच आहे. त्यावर मला सापडलेला उपाय एवढाच, की मुलाला वीस मिनिटं आधी उठवावं.

आजी-आजोबांशी मला जरा जपून बोलायला हवं. चिऊचा घास, काऊचा घास भरवताना जी माया असते ती मला पुसायची नाही. आजारी मुलाला भरवा, कंटाळलेल्याला भरवा. पण धडधाकट मूल स्वतः घास उचलत असताना त्याच्या हातातला चमचा काढून घेऊ नका, एवढंच मागणं आहे. गोष्ट मात्र सांगा. ती मराठीत सांगा. आमच्या बालवाडीतली मुलं घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि पुढे शाळेत इंग्रजी, अशा तीन भाषांत वावरतात, आणि या वयात ती हे सहज पेलतात. अक्षरंही तशीच. खरखरीत पॉलिश पेपरमधून कापून पाटीवर चिकटवलेला मराठी ‘ग’ आणि बिनरेघेचा गुजराती ‘ग’ बोटाने गिरवून मूल दोन्ही ओळखतं. लिहायची घाई नको, बोट आधी फिरू द्या.

काही पालक विचारतात, इतकं मोकळं सोडलं तर मूल डोक्यावर नाही का बसणार? मोकळीक आहे, पण तिला काठ आहेत. फळीवरून एक वस्तू घ्यायची, काम झालं की जागेवर ठेवायची, मग दुसरी. दुसऱ्याच्या हातातली ओढायची नाही. कुणाला मारायचं नाही. हे नियम थोडे असावेत आणि रोज तेच असावेत.

आता शाळेबद्दल. मॉन्टेसरी हे नाव पाटीवर लावायला कुणालाही मज्जाव नाही, म्हणून पाटीवर जाऊ नका. तीन ते सहा वर्षांची मुलं एका वर्गात एकत्र आहेत का, विचारा. सकाळचे दोन-तीन तास सलग कामाला मिळतात का, की दर अर्ध्या तासाला घंटा होते? तीन वर्षांच्या मुलाला वहीभर ‘एबीसीडी’ लिहायला देत असतील तर मी तिथे माझं मूल घालणार नाही. शक्य असेल तर अर्धा तास वर्गात मागे बसू द्या अशी विनंती करा. भिंतीवरची चित्रं बघू नका, मुलांचे हात बघा. ताईंचा आवाज किती वेळा ऐकू येतो, तेही बघा. तेवढ्यात कुणाच्या हातून पाणी सांडलं तर फडकं कोण आणतं ते पाहा, आणि मग फीची चौकशी करा.

नमस्कार.