चमक पाण्यात उतरते कशी

ह्या दोन पांढऱ्या पावडरी बघा. एक रिसॉर्सिनॉल, दुसरी थॅलिक अनहायड्राइड. ॲसिड किंवा झिंक क्लोराइड घालून दोन्ही साधारण १८०-२०० डिग्रीला तापवल्या की वितळून त्यांचा गडद लालसर गोळा होतो. हाच फ्लुरोसीन, एक चमकणारा डाय म्हणजे रंगद्रव्य, रसायनशास्त्रज्ञ अॅडॉल्फ फॉन बायरनं १८७१ मध्ये केलेला. पण चमक कुठंय? साध्या पाण्यात टाकला तर जेमतेम विरघळतो. आता थोडं सोडियम हायड्रॉक्साइड घाला... आणि हे बघा, हिरवंगार! रेणूतलं अणूंचं एक बंद कडं उघडलं, ऋण भार आला, रेणू पाण्यात सुटा झाला, आता निळा प्रकाश गिळतो आणि हिरवा परत टाकतो.

खरी भानगड अशी आहे की चमकायला रेणूत सपाट, एकमेकांना जोडलेली कडी लागतात आणि नेमकी तीच पाण्याला नकोशी असतात. पाण्यात टाकलं की हे सपाट रेणू चकत्यांसारखे एकमेकांना चिकटतात, आणि चिकटले की प्रकाश बाहेर न पडता ऊर्जा उष्णतेत वाया जाते. मग उपाय काय, तर कड्यांच्या कडेला भार असलेले गट लावायचे, सगळ्यात लाडका म्हणजे सल्फोनेट (सल्फर-ऑक्सिजनचा ऋण भाराचा गट), सारखे भार एकमेकांना ढकलतात आणि पाणीही त्यांना धरून ठेवतं. तयार डायवर ओलियम, म्हणजे धूर सोडणारं अतितीव्र सल्फ्युरिक ॲसिड, ओतून सल्फोनेट लावता येतो म्हणा, पण तो कुठं बसेल याचा नेम नाही आणि नाजूक रेणू जळूनही जातो, म्हणून बऱ्याचदा सुरुवातीच्या कच्च्या मालातच तो आधी बसवून घेतात.

इथवर सोपं वाटलं ना? डोकेदुखी पुढे आहे, शुद्ध करताना. पाण्याची इतकी ओढ असलेला डाय नेहमीच्या सिलिका कॉलमवर (शुद्ध करायची, सिलिकाची पावडर भरलेली नळी) चिकटून बसतो, हलतच नाही, वर रिॲक्शनमधलं मीठही पाण्यातच त्याच्यासोबत, मग रिव्हर्स फेज कॉलम, म्हणजे पाण्याला नकोशा लेपाची पावडर भरलेला, लावा आणि थेंब थेंब गोळा करत बसा. डाय बनवण्यापेक्षा जास्त वेळ यात जातो हे कुणी आधी सांगत नाही.

पण एकदा विरघळला की तो किती लांब जातो ते बघायचं तर चला १८७७ मध्ये, जर्मनीत. डॅन्यूब नदीचं पाणी जमिनीत गडप व्हायचं, जातं कुठं यावर वाद. तिथं या फ्लुरोसीनचं १० किलो सोडियम मीठ ओतलं. साधारण ६० तासांनी कित्येक किलोमीटर लांबचा आख नावाचा झरा हिरवा वाहायला लागला.