बीजनिधी, ओहोटी आणि भरतपूरच्या म्हशी

श्रोतेहो, नमस्कार.

विरजण कसं लावतात हे तुम्हाला सांगायला नको. दूध कोमट, विरजण चमचाभर, आणि एकदा लावलं की भांडं हलवायचं नाही. जास्त विरजण घातलं तर दही आंबट होतं, एवढंच. विद्यापीठं आणि कॉलेजं आपल्या शिक्षकांना संशोधन सुरू करण्यापुरती जी छोटी रक्कम देतात, तिला सीड मनी म्हणा, बीजनिधी म्हणा, तिचं काम या चमच्याचं. मोठा प्रकल्प अजून कागदावरही आलेला नसतो. तो कागदावर यावा, आणि नीट यावा, एवढ्यासाठी हे पैसे. शिक्षकांना बीजनिधी किती दिलात, हे नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी परिषद, संस्थेला विचारते. त्यामुळे अंदाजपत्रकात ही ओळ आता दिसते. ओळ दिसते; पैसे कशावर जातात ते पुढे बोलू.

आज विषय आहे तो शाश्वततेच्या प्रश्नांसाठीचा बीजनिधी. खाडी, कचरा, पाणी, पत्र्याच्या घरातला उकाडा. हे प्रश्न एका विभागाच्या खोलीत मावत नाहीत. रसायनशास्त्र आणि अर्थशास्त्र एकत्र बसलं की ते आंतरविद्याशाखीय. ते आता रुळलंय. ट्रान्सडिसिप्लिनरी ही त्याच्या पुढची पायरी. तिथे प्रश्न ठरवायलाच प्राध्यापकांच्या शेजारी कोळीण बसते, पालिकेचा मुकादम बसतो. माहिती द्यायला तर त्यांना नेहमीच बोलावतात. इथे प्रश्न ठरवायला बोलवायचं. हे लक्षात ठेवा, प्रश्न ठरवायला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2019 च्या 'स्ट्राइड' योजनेच्या नावातच हा शब्द आहे. मराठीत कुणी त्याला पारविद्याशाखीय म्हणतं. कोळीवाड्यात हा शब्द काढू नका, समोरचा चहा ठेवून उठेल. आणि योजनांची नावं इंग्रजी आद्याक्षरं ओढूनताणून जुळवायची ही खोड कुठून लागली कोण जाणे. नाव जमवायला जेवढं डोकं चालतं, तेवढं नियमावलीत चाललं असतं तर… असो.

आता गोष्ट. ती राजस्थानातली आहे, पण तिचं एक टोक आपल्या फोर्टात आहे. काळा घोड्याहून लायन गेटकडे चालायला लागलात की हॉर्नबिल हाऊस लागतं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, बीएनएचएस, स्थापना 1883. पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अलींची संस्था.

भरतपूरचं केवलादेव, पाणपक्ष्यांसाठी नावाजलेलं, म्हणजे जेमतेम 29 चौरस किलोमीटर. आपलं बोरिवलीचं नॅशनल पार्क त्याच्या साडेतीनपट. आणि केवलादेव तरी कुठे निसर्गानं केलेलं? अजान बांधाचं पाणी वळवून संस्थानानं भरवलेली ती उथळ तळी, बदकांच्या शिकारीसाठी. 1938 मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो आले तेव्हा एका दिवसात 4,273 पक्षी पाडले, आणि हा आकडा तिथे अभिमानानं दगडावर कोरून ठेवलाय. पुढे शिकार थांबली, पक्ष्यांना अभय मिळालं. कडेच्या गावांची गुरं मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिथेच चरत होती. दोन-अडीच हजार गाई-म्हशी. म्हशीला तळं दिसलं की ती काठावर थांबत नाही, हेही तुम्हाला सांगायला नको.

जाणकार म्हणाले, गुरं तळी खराब करतात. सलीम अलींचंही मत चराई थांबवावी असंच होतं. वरवर पाहता कुणालाही पटेल. पक्षी हवेत तर म्हशी नकोत. केवलादेव राष्ट्रीय उद्यान झालं, आणि नोव्हेंबर 1982 मध्ये चराई बंद झाली. गावकरी खवळले, पोलिसांनी गोळ्या चालवल्या, माणसं मेली. इथे जरा थांबू. म्हशी कुठे चरणार यावरून माणसं मेली.

त्या सुमारास बीएनएचएसचा मोठा अभ्यास तिथे सुरूच होता. 1980 ते 1990, दहा वर्षं. डॉ. व्ही. एस. विजयन आणि त्यांचे सहकारी पाणी, गवत, मासे, पक्षी हंगामामागून हंगाम मोजत राहिले. 1991 मध्ये अहवाल आला. आणि त्यात निघालं काय? चराई थांबली आणि तळी गवतानं भरून गेली. पास्पॅलम नावाचं एक गवत आहे. जमिनीवर वाढतं, उथळ पाण्यातही वाढतं, आणि कुणी खाल्लं नाही तर पाण्यावर सतरंजी अंथरावी तसं पसरतं. म्हशी ते खात होत्या, तुडवत होत्या, म्हणून मध्ये उघडं पाणी राहत होतं. बदकांना उतरायला तेच उघडं पाणी लागतं. म्हशी गेल्या, सतरंजी पसरली. मेलेलं गवत तळाशी साचलं की तळं आणखी उथळ होतं, वाळलं की उन्हाळ्यात आगीची भीती. मग गवत उपसायला मजूर आणा, यंत्रं आणा. म्हैस हे काम फुकट करत होती, वर दूध देत होती.

बंदीच्या बाजूनं आपल्याच संस्थेचा सगळ्यात मोठा माणूस होता, तरी बंदी उलटली हे त्यांनी छापलं. याबद्दल त्या संस्थेला मानलं पाहिजे. सलीम अली तोवर हयात नव्हते. ते 1987 मध्ये गेले.

तुम्ही म्हणाल, मग म्हशी परत आल्या असतील. नाही आल्या. वन्यजीव संरक्षण कायदा 1972, कलम 35, पोटकलम 7: राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला मनाई. अहवाल म्हणतो म्हशी हव्यात, कायदा म्हणतो चालणार नाही. शेवटी गावकऱ्यांना परवान्यावर विळ्यानं गवत कापून नेण्याची मुभा मिळाली. दहा वर्षं गवत मोजलं. त्या गवताशी कायदा कसा बांधलाय हा प्रश्न गवताच्या अभ्यासात कुठून येणार? त्यासाठी कायद्याचा माणूस पहिल्याच बैठकीला लागतो. पहिल्याच.

अजून एक पदर आहे, आणि मला वाटतं सगळ्यात बोलका तोच. भरतपूरला सायबेरियन क्रौंच यायचे, पांढरेशुभ्र, लाल तोंडाचे. साठच्या दशकात दोनशेच्या आसपास. पुढे कमी कमी होत गेले, आणि 2001-02 च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. येण्याच्या वाटेवर अफगाणिस्तान-पाकिस्तानात होणारी शिकार हे त्याचं मोठं कारण मानतात. पण भरतपूरच्या कडेचे गावकरी वेगळंच सांगत होते. त्यांचं म्हणणं असं: पूर्वी आम्ही उद्यानात वाळा खणायचो. उन्हाळ्यात आपण माठात टाकतो तोच वाळा, अत्तरवाल्यांना विकायला. खणून जमीन भुसभुशीत व्हायची, आणि क्रौंचांना चोचीनं कंद उकरणं सोपं जायचं. बंदी आली, खणणं थांबलं, जमीन घट्ट झाली, क्रौंच रोडावले.

खरं की खोटं? तपासायला काय लागतं? दोन सारखे तुकडे, एक खणलेला, एक न खणलेला. क्रौंच कुठे किती वेळ उतरतात ते दोन हिवाळे मोजायचं. एक दुर्बीण, एक वही, दोन माणसांचा पगार. बीजनिधीत बसणारं काम. पण हा प्रश्न सुचायला वाळा खणणाऱ्याच्या शेजारी कुणीतरी वेळेवर बसायला हवं. आता तपासायला क्रौंचच उरले नाहीत.

तर आता आपल्या ठाणे खाडीवर या. 2022 पासून ती रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. फ्लेमिंगो आहेत, आणि चिखलात उतरून कालवं, शिंपल्या गोळा करणाऱ्या बायकाही आहेत. समजा कॉलेजनं तीन लाख दिले, नऊ महिन्यांसाठी.

हमखास होणारी पहिली चूक म्हणजे यंत्र. मंजुरीपत्र आलं की पाणी तपासायचं महागडं मीटर येतं. त्याचा पीएचचा प्रोब कोरडा पडला की बिघडतो; तो पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवावा लागतो, आणि मे महिन्याच्या सुट्टीत ते कोण बघणार? बीजनिधीच्या वर्षात मीटर उसनं आणा, नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मात्र होडीतच पक्का करावा लागतो. 300 मिलिलिटरची बाटली काठोकाठ भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही, मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड तिथल्या तिथे घालायचं. तशीच बाटली गाडीतून आणलीत तर येणारा आकडा खाडीचा नसेल, ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरच्या ट्रॅफिकचा असेल. बीओडीचे, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्या चाचणीचे, नमुने बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. आणि गुरुवारी नेऊ नका. आपल्याकडे ही चाचणी 27 अंशांवर तीन दिवसांची असते; गुरुवारी लावली की रविवारी वाचायला कोण येणार?

दुसरी चूक वेळापत्रकाची. बुधवारी दोन ते पाच प्रोजेक्टचा तास, म्हणून बुधवारी दोनला खाडीवर. खाडीला बुधवार कळत नाही. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणनं गुणा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी, आणि खाडीत आत जाल तसा थोडा उशीर. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार हटत नाही. चिखल खूप उघडा पडतो तो अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, आणि तेव्हा ओहोटी येते पहाटे साडेपाच-सहाला. म्हणजे पहिली लोकल. बायका तेव्हा चिखलात असतात; प्राध्यापकांनीही तेव्हाच असावं. विचारायचं ते तिथेच विचारावं. तुम्ही जड धातूंचा प्रश्न घेऊन जाल, आणि कदाचित ती विचारेल, पूर्वी घोट्यापर्यंत रुतायचो, आता गुडघ्यापर्यंत का? प्रश्न तिथेच बदलतो. बदलू द्या. त्यासाठी तीन लाखांतले तीस हजार कुठल्याच नावावर न टाकता बाजूला ठेवा, आणि तिसऱ्या महिन्यात एका पानाचं पत्र देऊन प्रश्न बदलायची मुभा मंजुरीपत्रातच लिहून घ्या.

आता पैसे, कारण घोडं इथेच अडतं. खाडीवरचेच चार जाणकार, प्रत्येकी बारा दिवस, दिवसाला हजार रुपये मानधन: अठ्ठेचाळीस हजार. पुन्हा सांगतो, अठ्ठेचाळीस हजार, आणि अर्जात स्वतंत्र ओळ करून. किरकोळ खर्चात दडवलेत तर हिशेब विभाग अडवणार, कारण पदवी नसलेल्या तज्ज्ञासाठी त्यांच्याकडे रकानाच नसतो. रकाना आधीच करून घ्या. 'क्षेत्र-जाणकार' असं पद लिहा. पासबुक आणि आधारवरचं नाव पहिल्याच दिवशी ताडून बघा. एकावर माहेरचं, एकावर सासरचं, आणि मानधन महिनोन्‌महिने लटकतं. रोख देणार असाल तर पाच हजारांच्या वरच्या पावतीला एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो. आणि कृपा करून मानधनाऐवजी शाल-श्रीफळावर भागवू नका. मुंबईच्या हवेत शालीचं करायचं काय? नारळ ठीक आहे, तो निदान कालवणात जातो.

राहिली तारीख. पैसे मंजूर होतात जूनमध्ये, खात्यात येतात दिवाळीनंतर, आणि 31 मार्चला खर्चाचा दाखला द्यायचा असतो. म्हणून मार्चमध्ये प्रिंटर विकत घेतले जातात. एकेका विभागात शाई वाळलेले तीन-तीन प्रिंटर दिसतात, ते असे आलेले. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माणसं घरी असतात, जाळी विणत बसलेली असतात, बोलायला सवड असते. प्रश्न ठरवायची बैठक या दोन महिन्यांतच घ्या, आणि त्यासाठी अर्ज आधीच्या नोव्हेंबरात देऊन टाका. ऑगस्टात बोटी बाहेर पडल्या की बैठकीच्या चहाला फक्त प्राध्यापक उरतात.

नमस्कार.